नकाशावरची बाव

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाचनालयातल्या दोन नंबरच्या संगणकावर गावच्या विहिरी भरणं. भांडलोही तिथंच. गुरुवार होता. दर गुरुवारी आम्ही सकाळच्या एसटीने बोर्लीत उतरायचो. माझी बायको वच्छी आधी मासळी बघून ठेवायची, घ्यायची नाही, कारण वरती वाचनालयात वास येतो. मग दहाला जिना चढायचो. ती कळफलकावर बसायची, मी माउस धरायचो. असं कधी ठरलं नाही, पडलं तसं. ती सातवी शिकलेली, अक्षरं तिला लवकर सापडायची. माझी शाळा चौथीत सुटली. पण न्हावा शेव्याला मी उभा जन्म ट्रेलर चालवला, त्यामुळे हात एका जागी धरून थोडं थोडं वळवायचं मला जमतं. बाण एकदा नीट नेऊन ठेवला की ती टाईप करायची आणि मी बघत बसायचो. एका विहिरीला आम्हाला अर्धा तास लागायचा. मागं दहावीची पोरं उभी राहून एकमेकांना कोपर मारायची. मारू देत.

ते संगणक म्हणजे मुंबईच्या कुठल्याशा कचेरीने टाकून दिलेले डबे. ग्रंथपाल रुबिना मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "काका, यांच्यावर विकतचं काही चालत नाही, जुने झालेत. म्हणून आपण फुकटचं घातलंय. ओपन सोर्स म्हणतात." मी ड्रायव्हर माणूस, फुकट म्हटलं की मला संशय येतो. विचारलं, "मालक कोण याचा?" त्या म्हणाल्या, मालक नाही. जगभरच्या माणसांनी थोडं थोडं केलंय, अजून करतायत, ही मराठी अक्षरंसुद्धा कोणीतरी आपल्या घरी बसून घातलीत. मला ते काही पटलं नाही. वच्छी मात्र मान हलवून म्हणाली, "म्हंजे गावची विहीर. येकाची न्हाय, समद्यांची. गाळ काढायला समद्यांनी उतरायचं." रुबिना मॅडमनी ते कागदावर उतरवून घेतलं. नंतर जो नवा माणूस यायचा त्याला त्या तेच सांगायच्या, काकींचं वाक्य म्हणून. हे लिहितोय तेसुद्धा मी त्याच दोन नंबरवर, त्यातल्या फुकटच्या लिहायच्या पाटीवर लिहितोय. एका बोटाने. डावी खुर्ची रिकामी असते. कोणी बसायला आलं तर मी नको म्हणत नाही, पण सरकूनही घेत नाही.

नकाशाचं खूळ तिचं. तोही तसलाच, सगळ्यांनी मिळून भरायचा नकाशा. रुबिना मॅडमनी आमचं गाव उघडून दाखवलं तर समुद्राची रेघ, एक रस्ता आणि बाकी हिरवं. वच्छीला ते लागलं. "आमी हाव ना हितं?" म्हणाली. "का मेलो समदे?" तेव्हापासून आम्ही दर गुरुवारी गाव भरत होतो. पहिलं आमचं घर, मग देऊळ, पार, पायऱ्यांच्या पाखाड्या, शाळा, भंडाऱ्यांची आळी. मग विहिरी. विहिरी तिला पाठ होत्या, कुठली गोडी, कुठली मचूळ, कुठल्या काठाला शेवाळ. जन्मभर पाणी भरलेली बाई. माझं काम एवढंच, की खोटं काही जाऊ द्यायचं नाही. नवीन असताना एकाने कागदावर काढून दिलेल्या रस्त्याने मी चाळीस फुटी ट्रेलर घातला होता आणि रस्ता मिठागरात संपला होता. सकाळपासून दुपारपर्यंत उलटा घेत होतो. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे, नाही ते दाखवणाऱ्या माणसाला चाबकाने मारलं पाहिजे. रुबिना मॅडमसुद्धा हेच म्हणायच्या. जे आहे ते टाकायचं, जाऊन बघायचं आणि मग टाकायचं.

त्या गुरुवारी वच्छीने मला बाण समुद्राच्या बाजूला न्यायला सांगितलं, आणखी थोडा, आणखी, आता थांबा. आणि टाईप करायला लागली. तात्यांची बाव.

मी म्हटलं, "ही कशाला? ती बुजवली. होमस्टे झालाय तिथं."

"खाली हाय ना."

"खाली असलेलं टाकत नाहीत नकाशावर. उद्या म्हणशील, खाली तुझी आजी पण आहे."

तिने नाव पुरं केलं, जतन केलं, पदर सावरला आणि मासळी घ्यायला खाली गेली. जाताना दाराशी थांबून म्हणाली, "मांदेली आणते. तुमी हात लावू नका कशाला."

मी हात लावला. ती जिना उतरल्याबरोबर मी बाण त्या टिंबावर नेला आणि काढून टाकलं. काढलं तरी ते यंत्र विचारतं, काय बदललंत ते थोडक्यात लिहा. मी एका बोटाने लिहिलं, जागेवर विहीर नाही. त्याच्या खाली आणखी एक चौकट असते, हे कशावरून म्हणून. ती मी रिकामी सोडली.

आता ती बाव काय होती ते सांगायला लागेल, नाहीतर हे सगळं म्हाताऱ्याचं खूळ वाटेल.

बाव म्हणजे आमच्याकडची मोठी, चिऱ्यांनी बांधलेली विहीर. ही तात्यांच्या सुपारीच्या बागेत होती. तात्या म्हणजे बागेचे मालक. माझा बाप त्यांच्याकडे शिंपणं करायचा, म्हणजे रहाट हाकून झाडांना पाणी द्यायचा, आणि सुपाऱ्या उतरायला वरही चढायचा. त्या बदल्यात बागेच्या कोपऱ्यात आम्हाला राहायला खोपटं होतं. मी पंधरा-सोळाचा असताना बाप पोफळीवरून पडला. खुबा गेला. मग रहाट माझ्याकडे आला. अजून मला तो आवाज कुठंही ऐकू येतो, ट्रेलर चालवताना यायचा, आता घर रिकामं झाल्यावर जास्त येतो. लाकूड लाकडावर घासून एक लांबलचक कुईई, मग रेड्याचा एक पाय ओला वाजायचा, मग गाडग्यांतलं पाणी पन्हळीत पडायचं ते सुटं सुटं. पन्हळीतून पाटात, पाटातून आळ्यात. बाप खोपटात पडून तेवढंच ऐकायचा. रेडा जरा थांबला की आतून हाक यायची, "काय झाला रं?" मी म्हणायचो, काही नाही, माशी बसली. मग परत कुईई. सकाळी पेज असायची, मिठाचा खडा आणि भाजलेली सुकट. संध्याकाळी भात आणि कुळथाचं कळण. भुकेची आठवण नाही मला, खोटं कशाला सांगू. आठवण आहे ती आवाजाची आणि ओल्या मातीच्या गारव्याची. भर वैशाखात सगळ्या गावात तेवढाच गारवा होता आणि तो बागेच्या कुडाच्या आत होता.

कुडाच्या बाहेर वाडी. तिथल्या विहिरी होळीनंतर मचूळ व्हायच्या, समुद्र आतून पाझरायचा. डाळ शिजायची नाही त्या पाण्यात. बायका-पोरी हंडे घेऊन बागेच्या बेड्याशी यायच्या. बेडं म्हणजे तीन आडव्या बांबूंचं फाटक. दरवर्षी तात्या देत होते पाणी. त्या वर्षी बाव खाली गेली, तळातली पायरी दिसायला लागली, आणि तात्यांनी मला बोलावून सांगितलं, "शिंपणं पुरं होईस्तोवर एक हंडा बाहेर जाता नये. गेला तर तुझा बाप निजलाय ती जागा मोकळी करायची." तात्या वाईट माणूस नव्हता. त्यालाही झाडं जगवायची होती. पण शिंपणं त्या उन्हाळ्यात पुरं कधी व्हायचंच नाही, एका टोकाचं होईतो दुसरं टोक सुकायचं. मी बेडं लावून घेतलं आणि वर काथ्याची गाठ मारली.

पहिल्या दिवशी बायका शिव्या देऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी वच्छी एकटीच आली. माझ्याच बरोबरीची, आमच्या शाळेत मागच्या रांगेला बसायची. तेव्हा मला अरे-तुरे करायची. लग्नानंतर अहो-जाहो करायला लागली, पण भांडणात तो जुना सूर कुठूनतरी यायचाच.

"उघड रं."

"शिंपणं व्हायचंय."

"कदी व्हईल?"

"झालं की."

ती तिथंच हंडा पालथा घालून त्यावर बसली. ऊन चढत गेलं. मी रेड्याच्या मागं फिरत राहिलो, गोल गोल, दर फेरीला ती दिसायची. दहा-बारा फेऱ्यांनंतर म्हणाली, "तुझा रेडा शाणा हाय. त्याला निदान कोणीतरी हाकतो तेवा तो फिरतो." मी पुढं बघून चाललो. दुपारी ती उठून गेली. मला वाटलं, सुटलो.

संध्याकाळी पाय धुवून जेवायला बसलो. आईने थाळी पुढं सारली. थाळीत कोरडे तांदूळ. बाजूला सुकट, मिठाचा खडा, सगळं जागच्या जागी. भात तेवढा शिजवलेला नाही.

मी म्हटलं, "हे काय?"

"जेव."

"पाणी नव्हतं काय घरात?"

"आपला हंडा मी वच्छीला दिला. तिची आय बाळंतीण हाय." आई चुलीकडे तोंड करून बोलत होती. चूल पेटलेली नव्हती. "दुसरा भरला न्हाय. बेड्याला गाठ, मंग आपल्यालाच कशाला? मला वाटला, पाण्याबिगर भात शिजवायची रीत तुला ठावी असंल."

बाप अंथरुणातून म्हणाला, "जागा जाईल, तुला समजतंय का?"

"जाईल," आई म्हणाली. "मंग ती गेल्यावर बघू. आदी ह्याला जेवू दे."

मी ते तांदूळ चावले. दोन घास. दातांत अडकतात आणि तोंडाला पाणी सुटत नाही. आई बघत होती. मग तिने थाळी उचलली, तांदूळ झाडून परत डब्यात घातले आणि आम्ही तिघं तसेच निजलो.

पहाटे मी बेड्याची गाठ सोडली. वच्छी आली तेव्हा तिच्या मागं आठ-दहा बायका होत्या. मी रहाटाचंच पाणी पन्हळीखाली त्यांच्या हंड्यांत सोडलं. तिने भरलेल्या हंड्यातलं ओंजळभर पाणी रेड्याच्या तोंडापुढं धरलं, मग हंडा उचलला. तात्या आले, बघून गेले. त्यांनी शब्द पाळला. सुपारी उतरल्यावर नवा गडी आला आणि आम्ही बापाला खाटेवर घालून बाजारातल्या एका खोलीत नेलं. तिथं एसटीच्या हॉर्नशिवाय काही ऐकू यायचं नाही. बाप पुढच्या थंडीत गेला. शेवटचे चार दिवस विचारत होता, रहाट का थांबला रं. मी ट्रकवर क्लीनर म्हणून लागलो, मग ड्रायव्हर झालो. आणि दोन वर्षांनी वच्छीचा बाप आपणहून आमच्या दारात आला. म्हणाला, ज्या पोराने बाव उघडली त्याला पोरगी द्यायची.

म्हणजे बघा. ती जन्मभर त्या बावीकडे बघायची ते तिथून तिचा संसार सुरू झाला म्हणून. मी बघायचो ते माझ्या बापाची खाट तिथून उचलली म्हणून. एकच विहीर. पन्नास वर्षांत हे मी तिला एकदाही सांगितलं नाही. तिने विचारलं नाही, आणि आम्हाला असलं बोलायची सवय नव्हती. तेव्हा त्या गुरुवारी मी नियम, नियम केला, पण खरं असं की मला ती बाव नकाशावर नकोच होती.

ती पिशवी घेऊन वर आली. मांदेली होती, वास येत होता, रुबिना मॅडमनी न बघितल्यासारखं केलं. वच्छी खुर्चीत बसली आणि पडद्याकडे बघून तिला लगेच कळलं. त्या नकाशात पुसलं तरी कोणी पुसलं, काय म्हणून पुसलं, हे राहतं. तिने सावकाश वाचलं.

"जागेवर विहीर न्हाय." मग माझ्याकडे वळली. "तुमी जाऊन बघितलात?"

"बघायचंय काय त्यात? सगळ्या गावाला माहीत आहे."

"बघितलात का?"

"नाही."

"मंग?"

ती परत पडद्याकडे वळली. मला वाटलं, परत टाकेल. टाकलं नाही. पिशवी उचलून म्हणाली, "चला. आज तुमाला कोरडे तांदूळच वाढते बघा." आणि हसली. आमच्या घरात ती गोष्ट इतक्या वेळा सांगून झाली होती की नातवंडंही मला त्यावरून चिडवायची. मीही हसलो. एसटीत तिने खिडकीची जागा घेतली आणि पिशवी माझ्या मांडीवर दिली.

दुपारी भाकरी आणि मांदेली जेवलो. मी ओटीवर आडवा झालो. ती आत उंबऱ्यापाशी बसून रात्रीसाठी तांदूळ निवडत होती. सुपाचा आवाज येत होता, पाखडायचा, मग थांबून खडा काढायचा, मग परत पाखडायचा. मला डोळा लागत होता. सूप थांबलं. मी पडल्या पडल्या विचारलं, "काय झालं गो?" खडा असेल म्हणून वाट बघितली. मग उठलो. भिंतीला टेकून बसली होती. सूप मांडीवर होतं, एक दाणा सांडला नव्हता.

डॉक्टर आला, बघून गेला. पनवेलहून मुलगी शोभा पोचली तेव्हा अंधारायला आलं होतं. तेवढ्यासाठीच थांबलो होतो. मग नेलं. त्याचं मी लिहीत नाही. सगळ्यांच्या घरी तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तेव्हा शोभा सुपातले तांदूळ डब्यात ओतायला निघाली होती. सुतकात चूल पेटायची नव्हती, शेजारून पिठलं-भात आला होता. मी म्हटलं, राहू दे ते सूप. तिने तसंच फळीवर ठेवलं. मी अंघोळ केली, चपला घातल्या. ती म्हणाली, "बाबा, कुठं? आज बाहेर पडायचं नसतं." मी म्हटलं, येतो.

समुद्राच्या बाजूला गेलो. बागेचं काही उरलेलं नाही, आठ-दहा पोफळी शोभेला ठेवल्यात, त्यांना दिव्यांच्या माळा गुंडाळल्यात. पुढं गाड्या लावायची जागा, सगळीकडे सिमेंटचे ठोकळे बसवलेले. एक माणूस खराट्याने झाडत होता. मी आत शिरलो आणि चालत चालत मधोमध आलो तर तिथले ठोकळे खचलेले. वेडेवाकडे नाही, गोल. दोन गाड्या मावतील एवढं गोल, मधे बुडकुलीसारखं खाली गेलेलं आणि त्यात पाणी साठलेलं.

झाडणारा म्हणाला, "पाय बघून टाका आजोबा. हे असंच हाय. तीनदा भर टाकली. परत बसतं. का बसतं ते कळत न्हाय."

"खाली बाव आहे," मी म्हटलं.

तो खराटा धरून माझ्याकडे बघत राहिला. मी त्या गोलाच्या कडेने एक फेरी मारली. रेडा फिरायचा त्याच बाजूने. मग एसटीने बोर्लीला गेलो.

वाचनालय नुकतंच उघडलं होतं. रुबिना मॅडमनी मला बघून सवयीने दोन खुर्च्या ओढल्या. "आज शुक्रवारचे आलात काका? काकी खाली मासळी बघतायत का?"

"गेली," मी म्हटलं. "काल. इथून गेल्यावर."

त्या खुर्चीचा दांडा धरून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "सुतकात आलोय. चालत असेल तर बसतो, नाहीतर जातो." त्या म्हणाल्या, बसा. पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

मी विचारलं, बुजवलेली विहीर टाकता येते का. त्या म्हणाल्या, येते. पूर्वी होती, आता वापरात नाही, असं लिहून टाकता येतं, त्याची वेगळी खूण असते.

"मग काल का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत, काका," त्या हळू म्हणाल्या. "तुम्ही मलाच नियम सांगत होतात."

बरोबर होतं. त्यांनी खूण दाखवली आणि टेबलाकडे गेल्या. बाण मी नेला, थोडा आणखी, आणखी, थांबलो. मग माउस सोडून कळफलकावर हात ठेवला. त आणि काना सापडला. तातला दुसरा त सापडला. त्याच्या पुढचा जोडाक्षराचा खटका कुठं असतो ते मला कधी बघावं लागलं नव्हतं. रुबिना मॅडम उठून येत होत्या, मी हाताने नको म्हटलं. सगळ्या बटणांवरून बोट फिरवत तो शोधून काढला. बराच वेळ लागला. मागं कोणी हसलं नाही.

जतन करायला गेलो तर त्याने विचारलं, काय बदललंत. मी लिहिलं, चुकून काढलेली बाव परत टाकली. मग ती खालची चौकट आली, हे कशावरून. या वेळी ती रिकामी सोडली नाही. लिहिलं, बायकोने सांगितलं. जाऊन बघितलं.